पहिली बास्केट पडेपर्यंत

इंडियानातल्या एका लहानशा कॉलेजच्या जिममध्ये पॉपकॉर्नची रांग लागली होती. बास्केटबॉलच्या मॅचला अजून अवकाश होता. निवृत्त शिक्षिका व्हर्नाबाईंच्या पुढेच एक म्हातारं जोडपं उभं होतं. म्हाताऱ्याच्या हातात काठी होती. दोघांचं बोलणं व्हर्नाबाईंच्या कानावर पडत होतं.

“मर्ल, आज तू बसून राहायचंस. गुडघ्याचं ऑपरेशन कालपरवाच झालंय.”

“आपल्या पोरांची पहिली बास्केट पडेपर्यंत इथं कुणी बसत नाही, अर्लीन.”

“डॉक्टरांना सांग हे.”

“डॉक्टर याच कॉलेजचा. तोही उभाच असेल.”

“आणि पोरांचा नेम लागलाच नाही तर?”

“मी इथल्या टीममध्ये होतो तेव्हा आमचा तरी कुठं लागत होता? त्या डिसेंबरात हाफ टाइम होत आला, तरी आमची पाटी कोरी! सोपे सोपे बॉल मी रिंगवर आपटत होतो. पण एक माणूस खाली बसला नाही. आणि आज मी बसू?”

“मला काय सांगतोस? तिसऱ्या रांगेत होते मी. नव्याकोऱ्या उंच टाचा घालून.”

“मग? बसावंसं नाही वाटलं?”

“वाटलं ना! म्हणून तर तुझं नाव विचारून ठेवलं. म्हटलं, मॅच संपली की याला गाठून चांगला झापायचा.”

“झापलंस की!”

“अजून कुठं संपलंय? आज सपाट बूट घालून आलेय. चल, धर माझा खांदा.”