मावळतीनंतरचं दूध

सांगलीच्या दवाखान्यात दिवेलागणीला मी अतिदक्षता विभागाबाहेर बसले होते. आमच्या लहानपणी डॉक्टर माजघरात येऊन बसायचे. इथं त्यांना दारात गाठावं लागतं. शेजारच्या गृहस्थानं एका तरुण डॉक्टरणीला तसंच गाठलं.

“आवं डॉक्टर, खरं सांगा. रात्री आईच्या नळीतनं दूध सोडता न्हवं?”

“हो काका. रात्री त्यांची साखर फार उतरते. जिवावर बेतेल.”

“जैन हाय आमी. दिवस मावळल्यावर ती पाणीसुदिक घेत न्हाई. लग्नाआधीपासनंचा नेम हाय. दाराआड तुमी काय करता, कुणाला कळतंय?”

“काल त्यांनी नळी ओढली होती.”

“मग? हात बांधलं व्हय तिचं?”

“नाही. ‘दिवस मावळला का?’ असं विचारलं त्यांनी. आत खिडकी नाही, दिवे कायम चालू. मी म्हटलं, अजून ऊन आहे, आजी.”

“खोटं सांगितलं?”

“हो.”

“आन् तिनं मानलं?”

“नाही. म्हणाल्या, ‘माझ्या धनपालला विचारते.’”



“आत सोडा मला,” धनपाल म्हणाला, आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यानं खिशात घातलं.