टँकवरच्या लताअक्का

अशोकनाना, चेतन, पारोळ्याहून आलेली अक्कांची माणसं, आणि आपली टँकवरची मंडळी,

नाना म्हणाले, स्मिता, तू बोल. मी नको म्हटलं. ते म्हणाले, टँकवर सगळ्यात जास्त तुझं आणि तिचंच बोलणं व्हायचं. मी काय सांगणार त्यांना? बोलणं व्हायचं, खरंय. पण ते कसलं होतं, ते आम्हा दोघींनाच माहीत.

आतापर्यंत सगळे चांगलं बोलले. अक्का माउली होत्या, टँकचा आधार होत्या. खोटं काहीच नाही. पण मला तसं बोलता येणार नाही. मला अक्कांचा हेवा वाटायचा. आजही, त्यांच्या फोटोला हार घातलेला असताना, इथे उभी राहून मला त्यांचा हेवाच वाटतोय. तुम्ही रागवाल, रागवा. अक्का रागावल्या नसत्या.

पारोळ्याकडच्या मंडळींना सगळं ठाऊक नसेल, म्हणून सांगते. चेतनच्या शिक्षणासाठी अक्का जळगावला खोली घेऊन राहिल्या. नाना तिकडे शेती बघायचे. चेतन टँकवर पोहायला जायचा. तिथे शिकवणाऱ्या सरांकडे पोरं भरपूर आणि सर एकटे. पोरांना शिकवायचं, की घड्याळ धरायचं, की टाइम लिहायचा? त्यांनी पालकांना विचारलं, कोण लिहील? बाकीचे इकडेतिकडे बघायला लागले. अक्कांनी हात पुढे केला.

तेव्हापासून त्या शिडीजवळ स्टूल टाकून बसायच्या. उन्हाळ्यात डोक्यावर ओला टॉवेल. गळ्यात सरांचं घड्याळ. मांडीवर रजिस्टर. लिहायच्या पेन्सिलीनं, कारण पोरांनी पाणी उडवलं की पेनाची शाई पसरते. चेतन पुण्याला गेला, तरी त्या येतच राहिल्या. कोणीतरी विचारलं, आता कशाला येता? तर म्हणाल्या, "बठ्ठा पोरे मनाच शेतस." सगळी पोरं माझीच आहेत.

त्या बठ्ठ्या पोरांत एक माझीही होती. आणि तिथेच माझं दुखणं सुरू झालं.

माझी ऋतुजा चौथीत होती. मी शिकवते ती शाळा सकाळची. मी तिला टँकच्या फाटकाशी सोडायची आणि तशीच गाडी वळवायची. येताना घ्यायला यायची. एकदा शाळा लवकर सुटली, म्हणून मी आत गेले. काठावर, तिच्याच लेनच्या समोर, टॉवेल घेऊन उभी राहिले. ती आली, भिंतीला हात लावला, गॉगल वर केला. आणि मान वळवून माझ्या पलीकडे बघितलं. अक्कांकडे. अक्कांनी टाइम सांगितला. पोरगी हसली. मग तिला मी दिसले. म्हणाली, मम्मी, तू कधी आलीस?

मंडळी, ते हसू मी कधी घरी बघितलं नव्हतं.

मग मला सगळं दिसायला लागलं. वेणी अक्कांनी घालून दिलेली असायची. टँकच्या पाण्यानं केस राठ होतात म्हणून तेल अक्कांनी लावलेलं असायचं. घरी जेवताना अक्का असं म्हणाल्या, अक्का तसं म्हणाल्या. हे हसायचे. म्हणायचे, बरं आहे की, फुकटात मावशी मिळाली. मला हसू यायचं नाही. आई मी आहे ना? मग दिवसभराचं सगळं त्या बाईला का सांगायचं, आणि मला उरलंसुरलं का?

उन्हाळ्याच्या सुटीत मी ठरवलं. घड्याळ विकत आणलं. सरांना सांगितलं, ऋतुजाचा टाइम आता मी लिहीन. मला वाटलं अक्का भांडतील. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी रजिस्टरमधलं ऋतुजाचं पान दाखवलं, हातात पेन्सिल दिली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस वं, स्मिता." एवढंच. मला त्याचाही राग आला.

मी लिहायला लागले. पण मी पडले मास्तरीण. नुसतं लिहून मला कसं जमेल? ती भिंतीला लागली की मी बोलायची. काल याच्यापेक्षा बरं होतं. शेवटी हात सोडलेस. तुझ्या पुढची बघ कशी गेली. पोरगी गॉगल काढायची बंद झाली. भिंतीला हात लावला की परत पाण्याखाली. वर यायचीच नाही लवकर. आणि टाइम वाढत गेला. मी लिहीत होते आणि तो वाढत होता.

एक दिवस ती काठाला धरून थांबली. दम लागलेला. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाली,

"मम्मी, लिही तूच. पण टाइम अक्कांना सांगू दे."

काय वाटलं असेल मला? इथे बसलेल्या आयांनो, तुम्हीच सांगा.

मी पेन्सिल अक्कांना परत दिली. आणि न राहवून विचारलं, अक्का, तुम्ही असं काय सांगता हो तिला? त्या म्हणाल्या, काही नाही. "टाइम सांगाना, आनि गप ऱ्हावानं." बस. टाइम सांगायचा आणि गप्प राहायचं. काही मंत्र असता तर मी शिकले असते. पण गप्प राहणं? ते मला आजही जमत नाही. आता बघताच आहात तुम्ही.

मग धुळ्याची स्पर्धा झाली. आम्ही पालक वर, गॅलरीत. ऋतुजाची खूप तयारी झाली होती आणि ती हरली. अंतिम फेरीतसुद्धा गेली नाही. ओल्या अंगानं जिना चढून वर आली. मी उभी राहिले, हात पुढे केले. ती माझ्यासमोरून गेली आणि अक्कांच्या मांडीत डोकं घालून रडली. अक्कांचं नवं लुगडं भिजलं. मी हात तसेच घेऊन उभी.

अक्कांनी तिला थोडं रडू दिलं. मग काय केलं माहितीये? त्या उठल्या. तिचं डोकं हळूच बाजूला केलं, मला दंडाला धरून आपल्या जागेवर बसवलं, आणि पाणी आणते म्हणून खाली निघून गेल्या. पाणी आमच्याजवळ होतं. भरलेली बाटली होती. त्या पुष्कळ वेळ आल्या नाहीत.

मंडळी, सगळ्यात जास्त मी जळते ते त्या उठण्यावर. टाइम सांगण्यावर नाही, वेणीवर नाही. माझ्या मांडीत पोर रडत असती आणि अक्का समोर उभ्या असत्या, तर मी उठले असते का? नसते उठले. जन्मात नाही.

अक्का दवाखान्यात होत्या तेव्हा ऋतुजा कॉलेज बुडवून धुळ्याहून यायची. मी डबा द्यायला जायची. एका दुपारी ती औषध आणायला खाली गेली, आणि आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, अक्का, खरं सांगू का, मला तुमचा फार हेवा वाटतो. त्या हसल्या. म्हणाल्या, माहीत आहे मला, तुझ्या डोळ्यांत दिसायचं. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या,

"तू तिले गाडीवर बसाडीसन घर लई जाये. मी फाटकजोडे उभी ऱ्हाऊ."

इतकी वर्षं मी गाडी वळवून निघून जायची. मागे वळून कधी बघितलंच नव्हतं. रोज सगळ्या आया आपापली पोरं घेऊन जायच्या. फाटकापाशी ही बाई उभी राहायची, आणि मग एकटी आपल्या खोलीवर जायची. मुलगा पुण्याला, नवरा पारोळ्याला. तिलाही माझा हेवा वाटत होता. रोज वाटत होता. आणि तरी ती गॅलरीतून उठली होती.

हे ऐकून माझा हेवा गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही गेला. ऋतुजा मागे खांबापाशी बसली आहे. आल्यापासून तिचं रडणं थांबलेलं नाही. मी ते ऐकतेय आणि माझ्या मनात काय येतंय? माझ्या वेळी ती अशी रडेल का? आणि रडली तरी मला कुठे कळणार आहे?

असो. मी फार बोलले. नानांनी सांगितलंय की आपण सगळ्यांनी उभं राहून अक्कांसाठी शांत राहायचं आहे. उठा, मंडळी.

थांबा जरा. ऋतुजा, तू तिथे मागे नको. पुढे ये, बाळा. माझ्याकडे नाही. तिकडे, नाना आणि चेतनच्या मध्ये. घरच्यांच्या रांगेत उभी राहा. चेतन, तिला जागा दे.

हं.

अक्का, नमस्कार करते.