हिरव्या शाईतला ताप

...अहो, नाहीतर काय! ‘जा’ म्हणायला माणसाला किती वेळ लागतो? एक अक्षर आहे हो, एक! माझी ठमी साडेतीन वर्षांची, तीसुद्धा मांजराला ठणकावून म्हणते, ‘जा!’ आणि ही एवढी शिकली-सवरलेली माणसं, नावापुढे पदव्यांची शेपटं, पण तेवढा एक ‘जा’ काही तोंडातून पडेना!

थांबा, नीट सांगते. मी विद्यापीठात चहा करते. तिथं एक विभाग आहे, तळमजल्यावर, जिन्याच्या बाजूला. आता विद्यापीठात काय असतं? कुणी किड्यांचा अभ्यास करतं, कुणी दगडांचा. आमच्या विभागातली माणसं शिकवण्याचा अभ्यास करतात. म्हणजे मोठ्या पोरांना कसं शिकवावं, पोरं शिकतात तेव्हा नेमकं काय होतं, शिकत नाहीत तेव्हा काय होतं... मी सातवी शिकले, मला तर गुरुजींनी कान पिळला की शिकले एवढंच ठाऊक! पण नाही. यांचा शोध असा, की गुरूनं उत्तर द्यायचंच नाही. शिष्यानं ते आपणहून शोधायचं. आता हे वर्गात करा की, कोण नको म्हणतंय? पण या लोकांना सवयच जडलीय! सकाळी मी विचारते, ‘मॅडम, साखर घालू का?’ मोठ्या मॅडम चष्म्यावरून बघतात, गोड हसतात आणि म्हणतात, ‘तुम्हाला काय वाटतं?’

मला काय वाटायचंय? चहा त्यांचा, तोंड त्यांचं!

तर त्या दिवशी दुपारी बाराला पाळणाघरातल्या काकूंचा फोन. ‘अगं, ठमी गरम लागतेय. भाताला शिवली नाही. तापाचं पोर मी इतर पोरांत ठेवत नाही, तीनच्या आत घेऊन जा.’ झालं! तुम्हाला सांगते, माझं मन म्हणजे असलं चांडाळ, बारा वाजता ताप कळला, बारा वाजून एक मिनिटाला गोवर झाला, दोन मिनिटांनी झटका आला, तिसऱ्या मिनिटाला मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडतेय... आणि प्रत्यक्षात हातात गाळणं!

बरं, तशीच पळाले असते. पण आधी दोनदा पळाले होते ना! एकदा ठमीच्या नाकात मणी गेला तेव्हा, एकदा मणी गेलाय असं मला वाटलं तेव्हा. कारकूनबाईंनी निक्षून सांगितलं होतं, ‘तिसऱ्यांदा मंजुरीशिवाय गेलीस तर परत येऊच नकोस.’ म्हणून गेले मोठ्या मॅडमकडे. त्यांची बैठक चाललेली. दाढीवाले सर मांडीवर घड्याळ घेऊन बसलेले. म्हटलं, ‘मॅडम, मी जाऊ का?’

शांतता.

कुणी हूं नाही, चूं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग कळलं, यांचा दुसरा शोध! प्रश्न आला की लगेच बोलायचं नाही, थांबायचं म्हणे, शांततेत डोकं चालतं. दाढीवाले सर घड्याळाकडे बघत पुटपुटले, ‘सात सेकंद... छान!’ अहो, तिकडं पोरीला ताप चढतोय आणि इकडं हे सेकंद मोजतायत!

मग मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हाला काय वाटतं?’

‘मला वाटतं, जावं.’

‘अरे वा! असं का बरं वाटतं?’

‘पोरीला ताप आलाय.’

‘मग यातून तुम्ही कुठल्या निष्कर्षावर येता?’

‘की मी जावं!’

मॅडम सरांकडे वळल्या, डोळ्यांत पाणी हो अगदी! ‘बघितलंत सर? आपण काहीही सांगितलं नाही, आणि ताई स्वतःच्या स्वतः पोचल्या!’

कुठं पोचले? तिथंच उभी होते की मी! म्हटलं, ‘मग जाऊ?’ तर म्हणाल्या, ‘विचार कागदावर उतरला की पक्का होतो. अर्ज लिहा.’

लिहिला. सातवीत पत्रलेखनाला मला दहापैकी नऊ होते, तुम्हाला सांगते! ‘मुलीस ताप असल्याने आज दुपारी घरी जाण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ पाऊण वाजता नेऊन दिला, सव्वाला परत आला. कागद हिरवागार! लाल शाईनं लिहिणाऱ्याचं मन मोडतं म्हणून हिरवी वापरतात. वर लिहिलेलं, ‘सुरुवात आश्वासक.’ ‘ताप’ या शब्दाखाली रेघ, ‘नेमका किती?’ ‘नम्र’ला गोल, ‘नम्रता का दाखवावीशी वाटली? विचार करा.’ आणि तळाला, ‘आई म्हणून तुमची भूमिका अजून उलगडू द्या. दुसऱ्या खर्ड्याची वाट पाहते!’

म्हटलं, ‘मॅडम, मंजूर की नामंजूर, तेवढं एक लिहा हो!’

‘ताई, असे शिक्के आम्ही मारत नाही. शिक्का बसला की शिकणं थांबतं.’

शिकणं थांबू दे हो, बस चुकेल माझी!

आमच्या ह्यांना फोन लावला. ते कारखान्यात पाळीवर, मागं धडधड चाललेली. ओरडून म्हणतात, ‘अगं, साधं विचार ना, जाऊ का म्हणून!’ आता यांना काय सांगू? कपाळ?

दुसरा खर्डा लिहिला. ताप घातला, भात घातला, भूमिका उलगडली, चांगली पान उलटून उलगडली! तर मॅडम म्हणाल्या, ‘आता सोबत्याकडून तपासून घ्या. तुम्ही सरांचं लिखाण तपासा, सर तुमचं तपासतील.’ दाढीवाल्या सरांनी माझा अर्ज घेतला आणि आपला चाळीस पानी लेख माझ्या हातात दिला. पहिलं वाक्य सुरू झालं ते पान उलटून पलीकडं गेलं, तरी क्रियापद येईना! मी पेन्सिल घेतली आणि कडेला लिहिलं, ‘म्हणजे काय?’

सरांनी वाचलं. दाढी कुरवाळत खुर्चीत बसलेच. ‘ताई,’ म्हणाले, ‘हा प्रश्न मला अकरा वर्षांत कुणी विचारला नाही.’

‘सर, पण माझा अर्ज?’

‘हां... तुम्हाला काय वाटतं?’

पावणेतीन. काकूंचा पुन्हा फोन. आवाज उतरलेला. ‘अगं, कुठायस? पायात चपला घालून दाराशी बसलीय. रडतसुद्धा नाही गं, नुसती बघतेय.’

बास! रडली असती तर थांबले असते एक वेळ. उचलला तो हिरवा कागद, पदर खोचला आणि निघाले. म्हटलं, गेली नोकरी तर गेली! फाटकावर पहारेकरी मामा आडवे. ‘मंजुरी?’ मी कागद पुढं केला. मामांनी सुलटा बघितला, उलटा बघितला. ‘अबब! एवढं सगळं मॅडमनी आपल्या हातानं लिहिलं? मग मंजूरच असणार! पळ!’

पळाले. ठमीला उचललं, तापानं नुसती फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय, ताप चार दिवसांत उतरेल. दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी कामावर आले ती तोंड पाडून, पाय ओढत. मोठ्या मॅडम समोरच. हातात माझा अर्ज, शेजारी नवी हिरवी पुरवणी! ‘ताई, दुसरा खर्डा अप्रतिम! केवढी प्रगती! आता जायला काहीच हरकत नाही.’

म्हटलं, ‘मॅडम, मी जाऊन आले.’

शांतता. मी कसंबसं विचारलं, ‘माझी नोकरी... राहिली ना?’

एक... दोन... तीन... सर घड्याळ काढतायत... पाच... सहा... सात. मॅडमनी चष्मा पुसला, हसल्या. ‘तुम्हाला काय वाटतं?’

मी सरांकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, टेबलावरच्या रिकाम्या कपांकडं बघितलं. म्हटलं, ‘मला वाटतं... मी चहा ठेवते.’

‘बरोबर!’ म्हणाल्या.

तुम्हाला सांगते, दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं सरळ उत्तर दिलं... आणि तेही कशाचं? तर चहाचं!