वॉशबेसिनमधील लाल द्रवाबाबत

जबाब देणार: दुसऱ्या मजल्यावरची सून, वय ४६ वर्षे, नोकरी पाणी तपासणी प्रयोगशाळेत, राहणार जिन्यालगतचे दार. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

सर्वप्रथम माझी तक्रार नोंदवावी. जप्त केलेले दोन पांढरे कप सहाच्या सेटमधले आहेत. घरी चार पाहुणे आले तर निभावेल. पाचवा आल्यास त्याच्या चहाची जबाबदारी या ठाण्याने घ्यावी.

माझ्या सासऱ्यांचे हृदयाचे ऑपरेशन येत्या मंगळवारी ठरले आहे. सिगारेट सुटली नसेल तर भूल देणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. सुटली, असे सासरे म्हणतात. असे ते यापूर्वीही अनेकदा म्हणालेले आहेत.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्यातले ऋणभारित कण रंगावरून ओळखणारी द्रावणे तयार होतात. असाच थायोसायनेट नावाचा कण थुंकीत असतो, ओढणाऱ्याच्या थुंकीत जास्त. द्रावणाशी त्याची गाठ पडली की रंग चढतो. कण कमी असेल तर फिकट नारिंगी, भरपूर असेल तर थेट रक्तासारखा.

आज सकाळी एका कपात मी तुलनेसाठी माझी थुंकी घेतली. दुसरा कप सासऱ्यांना दिला. ते तो घेऊन आत गेले आणि बऱ्याच वेळाने भरून घेऊन आले. द्रावण टाकताच माझा कप नारिंगी झाला व त्यांचा लालभडक. त्यांचा कप उजेडाकडे नेताना बेसिनमध्ये लवंडला आणि माझ्या मनगटापर्यंत रंग लागला. त्या वेळी मी "बाबा, आता तुमचं काही खरं नाही!" असे ओरडले, हे शेजारच्या काकूंचे म्हणणे खरे आहे. दार उघडे होते. त्यांनी पुढचे काही न विचारता आपणांस फोन केला. मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसले होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

हवालदार आले तेव्हा ज्यांचा खून झाला ते सासरे त्यांना पाणी देत होते. चौकशीत सासरे म्हणाले, "साहेब, ती थुंकी माझी नव्हतीच."

"तुमची का नाही दिलीत?" असे हवालदारांनी विचारले.

"हिच्या औषधाचा काय भरवसा? चाळीस वर्षं ओढलीय, राहिली असेल कुठे दातात. म्हटलं, घरात ज्याच्यावर संशयच यायचा नाही, त्याची द्यावी..." येथे ते थांबले व स्वयंपाकघराकडे बघू लागले. सासूबाई "अगं बाई, दूध उतू जातंय," म्हणून आत गेल्या. गॅस पेटवलेला नव्हता. सासरे "तरीच!" एवढेच म्हणाले. कशाबद्दल, ते मी विचारले नाही.

चाचणी हवालदारांसमक्ष पुन्हा घेण्यात आली. कप शेजारच्या काकूंकडून मागवला. तो परत नको, असे त्यांनी सांगितले. सासऱ्यांनी सर्वांदेखत थुंकून दिले. रंग माझ्यापेक्षाही फिकट आला. मी तो कप खिडकीपाशी नेऊन तीनदा पाहिला. ऑपरेशन मंगळवारीच होईल.

लाल निघालेला नमुना कोणाचा, असे विचारल्यावरून सांगते की, त्या व्यक्तीने काल कोबी खाल्ला होता. कोबीनेही हा कण वाढतो. इतका वाढतो का, असे हवालदारांनी विचारले. वाढतो, असे माझे म्हणणे लिहून घ्यावे.

माझे मूल सात महिन्यांचे असताना मी नोकरीवर परत गेले. नातेवाईक बोलायला लागले तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांना "मीच धाडलंय तिला" असे ठणकावले होते. वास्तविक तो निर्णय माझा एकटीचा होता. याचा या प्रकरणाशी काय संबंध, असे विचारल्यावरून सांगते की, काही नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. कोबीचा भाग मी दोनदा वाचून घेतला. तोही बरोबर आहे.