शेवंतीचे पाच प्रश्न

— न्हावी. तो न्हावी आहे, मास्तर. आरशासमोर एक माणूस बसतो, दुसरा त्याच्या गळ्याला पातं लावतो, आणि पहिला हसत उठून जातो — ह्यात कोडं कसलं? दोन प्रश्न लागले मला. हे दुकान आहे काय — होय. पातं लावणाऱ्याचा तोच धंदा काय — होय. संपलं. आणि तुमच्या शाळेतल्या मुलांनी ह्याला अर्धा तास लावला? लावणारच. बसा असे. त्या खांबाला टेकू नका, तेलकट आहे, सदरा जाईल. पुण्याकडून तुम्ही हा नवा खेळ घेऊन आलात — एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी विचारायचं, आणि ह्याने फक्त होय नाहीतर नाही म्हणायचं. नवा म्हणे. अहो, ह्या देवळात माझ्या पणज्यापासून दुसरं काय चाललंय? देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांचे कळे पाण्याने चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा. उजवा कळा आधी पडला — होय. डावा पडला — नाही. कौल म्हणतात त्याला. तुमच्यासारखा मॅट्रिक नसेल झाला महादू गुरव, पण व्हर्नाक्युलर फायनल पास आहे, आणि प्रश्न कसा विचारायचा हे मला कोणी शिकवायला नको.

लोकांना विचारता येत नाही, हेच खरं दुखणं. येतात, हात जोडतात, आणि म्हणतात, "देवी, माझ्या म्हशीचा काय झाला?" आता देवीने काय करावं? तिच्याकडे शब्द दोन. म्हैस रानात आहे काय, असं विचार. कोणी बांधून ठेवली काय, असं विचार. नाही. रडतील, नाक पुसतील, नारळ ठेवतील. मी आपला प्रश्न बनवून द्यायचा. बारा गावचे मानकरी, पागोटी बांधून बसणारे, त्यांनासुद्धा मी प्रश्न बनवून दिलेत. मेंढरं सगळी.

माझा भाऊ? कोणी सांगितलं तुम्हाला? शाळेच्या शिपायाने. त्याला दुसरा उद्योग नाही. हो, होता थोरला भाऊ, जयराम. सहा महिने त्याची पाळी, सहा महिने माझी. तो प्रश्न बनवत नसे. लोक रडायचे आणि हा बसून ऐकायचा — तासभर ऐकायचा, मग एक कसला तरी साधा प्रश्न घालायचा, आणि म्हणे कौल स्वच्छ पडायचा. लोक काय करायला लागले माहीत आहे? माझ्या पाळीत येईनातच. थांबायचे. म्हैस हरवलेली चैत्रात, आणि कौल लावायला येणार आश्विनात — जयरामची पाळी लागल्यावर. म्हैस तोवर विऊन मोकळी. आणि मी इथे पायरीवर बसून माश्या वारायच्या. हसू नका. तुम्ही सहा महिने रिकाम्या वर्गाला शिकवून बघा.

अठ्ठावन्न साली नवरात्रात सगळे मानकरी बसले होते, तेव्हा मी बोललो. म्हटलं, जयराम उजवा कळा कमी भिजवतो. कमी पाण्याचा कळा आधी सुटतो, हे कोणालाही कळेल — म्हटलं, त्याला हवा तो कौल तो पाडतो. भिकाजी मानकऱ्याने त्याला विचारलं, "जयराम, ह्या खरां काय?" आता बघा. इतका सोपा प्रश्न. "नाय" म्हणायचं, एक शब्द. तर हा माझ्याकडे बघत राहिला. मग हातातली घंटा खाली ठेवली आणि घरी गेला. अशा माणसाला काय म्हणायचं? ज्याला स्वतःसाठी "नाय" म्हणता येत नाही, त्याने लोकांच्या वतीने देवीला काय विचारावं?

दुसऱ्या दिवशी पहाटे पूजेला म्हणून आला, दिवा लावला, आणि नाहीसा झाला. चपला सापडल्या तळ्याच्या काठी. कुडाळच्या बाजारातून आणलेल्या, बाजारालाच घालायचा. झालं. गावाने तळ्यात गळ टाकले, दोन दिवस गाळ उपसला, काही नाही. बारा तर्क — सुसरीने नेला म्हणे. ह्या तळ्यात सुसर! बेडूक मोठा झाला तर लोक बघायला जातात. तिसऱ्या दिवशी कौल लावायचा ठरला, आणि लावायला गुरव मी एकटाच उरलेला. प्रश्न मीच बनवला. जयराम पाण्यात गेला काय? उजवा पडला. होय. त्याच्या बायकोने, शेवंतीने, दशमीनंतर बांगड्या फोडायच्या असं ठरलं.

तो कुठे पाण्यात जातोय. एसटीच्या मागच्या बाकावर बसला होता, खाली मान घालून, पाय उघडे — वस्तीची पहिली गाडी, तिला माणसं ती किती —

काय?

हो. पाहिला मी. पाहिला म्हणजे — मी फाट्यावर गेलो होतो, मला झोप लागली नव्हती. हाक मारता आली असती. गाडी सुटली. आणि मग उजाडायला लागलं, आणि माझ्या डोक्यात आलं की गाव मलाच विचारणार. भाऊ गाव सोडून का गेला? तुझ्या बोलण्याने गेला काय? होय की नाय? बुडालेल्या माणसाबद्दल असं कोणी विचारत नाही, बुडालेल्यासाठी रडतात नुसते. चपला त्याच्या पडवीत होत्या. तिथून तळं किती — हाकेवर. असं बघू नका माझ्याकडे. कळा? तो कळा — हो, उजवा कमी भिजवला होता. उभ्या आयुष्यात एकदा. तुम्हाला हेच ऐकायचं होतं ना, मघापासून?

शेवंती वयनी शाळेत गेलेली नव्हती. कोडी नाहीत, खेळ नाही, काही नाही. नवमीला दुपारी मी जेवून ओसरीवर पान लावत बसलो होतो, ती येऊन खाली बसली. डोळे कोरडे. म्हणाली, "भावजी, माका फक्त होय नायतर नाय सांगा." मला हसू आलं. म्हटलं, विचार.

"ते देवळात गेले ते अनवाणीच मां?"

होय म्हटलं. गुरव चपला घालून देवळात जात नाही, पोरालाही माहीत.

"म्हणजे चपला पडवेतच मां? मी दिवो घेवन झाडूक इलंय तेव्हा बघितलंय."

होय.

"मगे ते परत घराकडे इले?"

आता इथे, मास्तर. इथे "होय" म्हटलं असतं तर मिटलं होतं सगळं. परत आला, चपला घातल्या, तळ्यावर गेला. एक शब्द. मानकऱ्यांसमोर मी देवीच्या अंगावर खोटं चिकटवलं होतं, हिच्यासमोर काय अडचण होती? पण ती मान वर करून बघत होती, आणि मी म्हणालो, नाय. का म्हणालो ते अजून मला कळलेलं नाही.

"कोणी चपला थंय नेवन ठेवल्यान?"

होय.

 मला वाटलं, आता विचारणार — कोणी? तुम्ही काय? मी पानाला चुना लावत होतो, तो हाताला लागला. तिने ते विचारलंच नाही. म्हणाली, "ते जित्ते आसत?"

होय.

बस. पाच प्रश्न. उठली, पदर सारखा केला आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पहिल्या गाडीत बसली — हातात बांगड्या, काखेला गाठोडं, गाठोड्यात त्या चपला. गाव म्हणालं, डोकं फिरलं बिचारीचं, माहेरी गेली. वर्षाने गणपत तेली घाटावरून येताना वैभववाडीला उतरला होता, तो सांगत होता — पायथ्याशी एका लहानशा देवळात कोणी गुरव आहे, जयरामसारखा दिसतो, बायको फुलं वेचते, आणि लोक रांग लावून बसतात. मी गणपतला म्हटलं, तुझी नजर अधू झालीय. आणि त्याने मानलं. मेंढरं, सांगितलं ना तुम्हाला.

वयनीने कोणाला सांगितलं नाही. सहा वर्षं झाली. एक शब्द बोलली असती तर मानकऱ्यांनी मला ह्या पायऱ्यांवरून खाली ढकलला असता. नाही बोलली. हा कसला शहाणपणा? मी भाद्रपदात त्याचं पान वाढतो, सगळ्या गावासमोर. कावळा शिवतो. कावळ्याला काय, भात दिसला की शिवतो. आता बाराही महिने पाळी माझी. लोक येतात, दुसरीकडे जाणार कुठे.

नाही, गेलो नाही. वैभववाडी लांब आहे. लांब म्हणजे, गाड्या आहेत, पण देऊळ कोणावर टाकून —

उठलात? उठा. मानकऱ्यांना सांगायचं तर खुशाल सांगा. परवा आलेल्या मास्तराचं कोण ऐकतंय, मी सांगेन, मास्तर मुलांना कोडी घालतो, त्यातलंच एक असेल. नाही, आता काही विचारू नका. दिवाबत्ती करायची आहे मला. जावा. आणि जाताना तो दरवाजा ओढून घ्या.