गुरुवारचा लाल ब्लाऊज

"बाबा, माझं प्रेम पुरुषावर आहे. प्राइडच्या मोर्च्यात माझ्यासोबत चालाल?" माझ्या मुलाच्या, लुंगिलेच्या, या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. काल सोवेटोच्या पोस्टात माझ्यापुढे रांगेत दोन बायका बोलत होत्या.

"नोझिपो, शनिवारी चर्चच्या गणवेशाचा लाल ब्लाऊज घालून कुठे गेली होतीस गं? प्रार्थना गुरुवारी असते, आणि कुणी मेलंही नव्हतं."

"प्राइडला. माझ्या लेकीसोबत, थांडेकासोबत."

"जेवण कबूल केलं होतं वाटतं त्या लोकांनी?"

"डबा माझाच होता, मान्तोआ."

"मग फोटोपुरतं नेलं असेल तुला."

"काढले की फोटो. मी मधोमध उभी आहे."

"पाद्रीबाईंना कळलं तर ब्लाऊज काढून घेतील!"

"मीच सांगितलं त्यांना. गुरुवारी त्यावरच बैठक आहे."

"साध्या कपड्यांत गेली असतीस, तर कुणाला पत्ता लागला असता?"

"साध्या कपड्यांतली आई तिच्याकडे होतीच गं."

"...गुरुवारी तुझ्या शेजारी कोण बसणार आहे?"

"का विचारतेस?"

"उगाच."

माझ्या खिशात उत्तराचा चार पानी मसुदा होता. तो तिथेच राहू दिला. कोऱ्या कागदावर लिहिलं, "पुढच्या मोर्च्याला येतो. माझं चर्चच्या गणवेशाचं लाल जाकीट घालून. बसलं अंगात, तर." आणि पत्र पेटीत टाकलं.