सात नंबरची सही

तपासनीस : संपलं, भाऊसाहेब! हजेरीपटावरची सात नंबरची सही आजपासून बंद. आज पटावर पहिली मी, आणि ती केलीच नाही.

हेडक्लार्क : बाई, काहीही बंद झालेलं नाही. तुम्ही आत्ता आलात, डबा खणात ठेवलात, मी नमस्कार केला. इथून पुढे बोला.

तपासनीस : अहो, आठ महिने बघतेय! पहिला येईल त्यानं आपली सही करायची, वर सात नंबरचीही ठोकायची. पाण्याचे मीटर तपासायला ठेवलंय मला, भुताची हजेरी लावायला नाही.

हेडक्लार्क : भूत कशाला म्हणता? नोकरीत कायम आहेत ते. 'आज उशीर होईल, माझी सही मारून ठेवा' एवढंच म्हणाले होते. ठेवली. दुसऱ्या दिवशी एकदम बंद कशी करणार? बरं दिसत नाही.

तपासनीस : आणि एकोणीस वर्षं बरं दिसतंय?

शिपाई : वीस होतील, ताई. मी त्यांच्या टेबलावर रोज पाणी ठेवतो.

तपासनीस : मामा, निदान तुम्ही तरी! रिकाम्या खुर्चीला पाणी?

शिपाई : खुर्ची गेल्या वर्षी बदलली. बसून बसून झिजली होती.

तपासनीस : ...कोण बसून?

शिपाई : ते मी विचारत नाही. पेला रिकामा झाला की भरतो.

तपासनीस : हे बघा, साधा उपाय आहे. माणूस नसेल तर 'गैरहजर' लिहायचं. जगभर असंच करतात.

हेडक्लार्क : तुमच्या जागेवर आधी एक होते. त्यांनाही हाच उपाय सुचला होता.

तपासनीस : मग? बदली झाली? काय नाव त्यांचं?

हेडक्लार्क : पटावर नाही हो. नाहीतर सांगितलं असतं. बरं, आज तुम्ही सह्या किती केल्यात?

तपासनीस : एक. माझी. अकरा नंबरवर.

हेडक्लार्क : बघा बरं.

तपासनीस : ही... ही सातवर कशी गेली? अक्षर माझंच आहे. अकरा कोरा! भाऊसाहेब, पेन द्या.

हेडक्लार्क : एकच सही असली की ती सातला जाते. म्हणून तर आपण दोन करतो. आणि साडेदहा वाजले, पट बंद.

(शिपाई चहा वाटतो. एक कप सात नंबरच्या टेबलावर.)

तपासनीस : मामा, माझा चहा?

शिपाई : भाऊसाहेब, अकरा नंबरच्या ताई आज आल्या नाहीत वाटतं?

तपासनीस : मामा! चेष्टा पुरे!

हेडक्लार्क : आल्यात की. समोर उभ्या आहेत.

शिपाई : पटावर नाहीत.

हेडक्लार्क : हो का? मग नसतील आल्या.

तपासनीस : भाऊसाहेब, इकडे बघा ना. माझ्याकडे! आता मी काय करू?

हेडक्लार्क : कोण बोललं?... हं. हजेरी दुरुस्तीचा रीतसर अर्ज करावा.

तपासनीस : कुणाकडे?

हेडक्लार्क : ते काम सात नंबरकडे आहे. वरच्या खणात टाका. खण गच्च भरलाय, जरा दाबून बसवा.

तपासनीस : लिहिते. 'माननीय सात नंबर यांस. अर्जदार सकाळी दहापासून याच खोलीत उभी असून तिचा डबाही खणात आहे. तरी तिला आजच्या दिवसापुरते हजर धरावे, ही नम्र विनंती.'